दोन रेघांचा ताप

"रेघ दाव," एंगोलाकाका म्हणाले.

अकितेनं नुकत्याच टोचलेल्या बोटाची मूठ उघडली. तळहातावर हिवताप बघायची, बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची पट्टी होती आणि तिच्या मधल्या खिडकीत एकच तांबडी रेघ. अकितेचा हात इतका थरथरत होता की एकीच्या दोन दिसायला हरकत नव्हती, पण काकांची नजर पक्की.

"एकच हाय."

"काका, रातभर हुडहुडी भरली हुती. हाडं नुसती फुटत्यात."

"फुटत असतील. पट्टी तसं म्हनत न्हाई."

"पट्टीला कुटं हाडं हायती?" म्हातारी आदोच ओळीच्या टोकावरनं ओरडली. तिला दात कमी, पण चावायला जीभ पुरते.

काकांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. शियाच्या, त्या तेलबियांच्या झाडाखाली, सावलीत, ते आपल्या तिवईवर टेकले. गळ्यात दोऱ्यानं बांधलेली त्यांची स्वतःची पट्टी होती. तिच्यावर दोन रेघा, ठसठशीत, एकीला एक खेटून. ती त्यांनी छातीवर सरळ केली आणि म्हणाले, "हं, कुदळ उचला. ऊन चढायच्या आत ते वारूळ गाठायचं हाय."

आम्ही कुदळी उचलल्या. अकितेनंही उचलली.

गवत जाळून झालं होतं. सगळं रान काळं पडलेलं, पाय टाकला की राख उडायची आणि घामाला चिकटायची. खाली माती अशी आवळलेली की कुदळ मारली की ती उलट आपल्याच खांद्याला विचारायची, तू कोण? म्हणून तर आमच्याकडं एकट्यानं रान खणत नाहीत. सावड असते. आज तुझं, उद्या माझं. पहाटे शिंग वाजलं की सगळ्यांनी ओळ धरायची, आणि दुपारी ज्याचं रान त्यानं नाचणीच्या दारूचं मडकं मधोमध ठेवायचं. मग लांब नळ्या घालून सगळे गोल बसतात, ओढतात, आणि सकाळी एकमेकांना दिलेल्या शिव्या परत घेतात. एखादा एकदा चुकला तर लोक बोलतात. दोनदा चुकला तर त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी जाते. आणि शेवटी जाणं म्हणजे पेरणी उलटून गेल्यावर रान खणून मिळणं. ते न मिळाल्यासारखंच.

पूर्वी आजारी माणसाला सूट होती आणि ती नुसत्या तोंडी मिळायची. "बरं न्हाई" म्हटलं की झालं. पण झालं असं की एंगोलाकाकांच्या रानाची पाळी आली की निम्म्या गावाला बरं नसायचं. त्यांच्या रानात दगड फार. त्यामुळं ओक्विर जेव्हा तालुक्याला शिकून आला, निळी पिशवी खांद्याला लावून, आणि बोट टोचून हिवताप सांगायला लागला, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद झाला तो काकांना. त्यांनी सावड बोलावली आणि सांगितलं, "आता तोंडी काय चालनार न्हाई. दोन रेघा, तर सूट. एक रेघ, तर कुदळ."

ओक्विर माणूस चांगला. फुकट काम करायचा, पोरांना हात लावायच्या आधी हात धुवायचा. पण त्याचं घर पत्र्याचं. गावात पत्र्याचं घर त्याच्या एकट्याचं, म्हणून पट्ट्यांची पेटी मानानं त्याच्याच घरात, अगदी पत्र्याखाली, फळीवर. पेटीवर लिहिलं होतं म्हणे की उन्हापासून जपा. ऊन पेटीवर पडतच नव्हतं, ते पत्र्यावर पडायचं. दुपारी त्या घरात कोंबडीसुद्धा अंडी उबवायला बसत नसे. नुसती ठेवून बाहेर यायची.

आणि आमच्या लोकांची अक्कल तर विचारूच नका. एक रेघ आली की लोक पट्टी घरी न्यायचे आणि कणगीच्या झाकणावर, पेंढ्यात, पिकत घालायचे. केळी पिकतात, दारू पिकते, मग रेघ का नाही पिकायची? आणि पिकायचीसुद्धा! सकाळपर्यंत एखादीवर दुसरी रेघ उमटायची, फिकट, पाण्यात पडलेल्या सावलीसारखी. ओक्विर डोकं धरायचा. "आरं, टोचल्यावर थोड्या वेळानं बघायचं, तेवडंच खरं! रातभर ठिवलेल्या पट्टीवर काय बी उठंल!" पण काकांना ताजी आणि पिकवलेली यातला फरक कळेना. शेवटी त्यांनी हुकूम काढला की बोट त्यांच्यासमोरच टोचायचं.

त्यात त्यांची स्वतःची पट्टी. गवत पेटवायच्या दिवसांत काकांना खरंच हिवताप झाला होता. खाट हलत हलत भिंतीपर्यंत गेली होती. दोन रेघा आल्या, ओक्विरनं पिवळ्या गोळ्या दिल्या, काका बरे झाले, एक अख्खी कोंबडी रस्सा न सांडता खाल्ली. मग त्यांनी सहज म्हणून पुन्हा बोट पुढं केलं. दोन रेघा. पुन्हा गोळ्या. पुढच्या बाजाराला पुन्हा बोट, पुन्हा दोन रेघा. पोट सुटलं, गालावर तकाकी आली, पण पट्टीचं म्हणणं कायम. काकांनी ती दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली. तेव्हापासून ते आजारी होते. सावलीत बसून आजारी, ओळीवर देखरेख करत आजारी, दुपारी मडक्याची सगळ्यांत लांब नळी धरून आजारी.

असं आमचं चाललं होतं.

त्या दिवशी, ती एकच रेघ दाखवून झाल्यावर, अकिते माझ्या शेजारी खणत होती. तिची कुदळ वर जायची ती उशिरा, आणि खाली यायची ती आपल्या वजनानं. माझी लेक अपिली माझ्या पाठीवर झोपली होती. अकितेचा एबोंग झाडाखाली गोणपाटावर, मुठी चोखत. दोघं एकाच चांदण्यातली पोरं, आठवड्याचा फरक.

"बस जरा," मी हळूच म्हटलं.

"बसले तर चुकले म्हनतील. एकदा आधीच चुकलेय." तिचे दात वाजत होते, एवढ्या उन्हात. "परवा माजी पाळी हाय गं. दारू घालून ठिवलीय. मडकं आता बोलाया लागलंय."

मडकं बोलायला लागणं म्हणजे दारूचे बुडबुडे ऐकू येणं. त्यानंतर ते कुणासाठी थांबत नाही. तिनं अंगात ताप घेऊन नाचणी दळली होती, मोड आणले होते, रांधून मडक्यात भरली होती. नवरा तळ्यावर मासे धरायला गेलेला. तो येईल तेव्हा येईल. रान तिचं तेवढंच, दलदलीच्या कडेला एक तुकडा. त्यावर नाचणी झाली तर ती आणि पोर वर्षभर खाणार. न झाली तर कुणाच्या तरी दारात टोपली घेऊन उभं राहणं आलं.

वारूळ गाठलं आणि अकिते तिथंच बसली. बसली म्हणजे पडलीच; कुदळ आधी पडली, मग ती. मी तिच्या मानेला हात लावला आणि काढून घेतला, चुलीतल्या दगडाला लागावा तसा.

"ओक्विर!"

ओक्विर आला, तिचं बोट टोचलं, थेंब सोडला, पाणी सोडलं. सगळे कुदळीवर हनुवटी ठेवून बघत राहिले. रेघ आली. एक.

"हिवताप न्हाई," ओक्विर म्हणाला, पण त्याचंच त्याला पटत नव्हतं. "पानी पाज. तापाची गोळी देतो."

"मंग काय हाय तिला?" मी विचारलं.

"नवरा न्हाई घरात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोघी-तिघी हसल्या. "त्येला पट्टी न्हाई निघाली अजून."

काका सावलीतून म्हणाले, "तशी हवाबी बदलतीय. मलाच बगा, इतका आजारी हाय, तरी कसा बसलोय."

मी त्यांच्या छातीकडं पाहिलं आणि अकितेच्या डोळ्यांकडं पाहिलं. तिचे डोळे पिवळे पडले होते.  एबोंग रडायला लागला होता, त्याला उचललं आणि पदराखाली घेतलं. अपिली एका बाजूला, तो एका बाजूला. त्यानं असा अधाशासारखा घोट घेतला की मला कळलं, अकितेला दूध उरलेलं नाही.  माणूस मरतं ते आधी असं कळतं, लेकराच्या तोंडावरून.

दुसऱ्या दिवशी शिंग वाजलं तेव्हा मी ह्यांची सायकल बाहेर काढली होती. अकितेला मागं बसवलं, माझ्या कमरेला तिचे हात लुगड्यानं बांधले, अपिली पुढं पोटाशी. एबोंगला आदोचकडं ठेवला.

"तू बी चुकनार," आदोच म्हणाली.

"चुकू दे."

"आन् हिची दुसरी चूक हुनार. पाळी जानार."

"म्हातारे, ही गेली तर पाळी घिऊन काय करायचं?"

आदोचनं एबोंगला कमरेवर चढवला. "जा. मी हाय हितं. त्या आजाऱ्याला बगते मी."

दवाखाना लांब. चढाला मी उतरून ढकलायची, उताराला दोघींचं वजन सायकलच ढकलायची. अकितेचं डोकं माझ्या पाठीवर होतं आणि लुगड्यातून तिचा ताप माझ्या पाठीत उतरत होता. मधेच ती म्हणाली, "मडकं झाकलंय का गं?" मी म्हटलं झाकलंय. थोड्या वेळानं पुन्हा तेच.

दवाखान्यात रक्त बघायला आमुगेबाई होत्या. सूर्यावरची वीज बरेच दिवस बंद, म्हणून त्यांनी ती बारीक जीव मोठे करून दाखवणारी दुर्बीण खिडकीत ठेवली होती. खाली छोटा आरसा, त्यातून ऊन काचेवर फेकायचं. रांग दारातून बाहेर, चिंचेपर्यंत. बाई काच उचलायच्या, डोळा लावायच्या, बाजूला ठेवायच्या, हात मात्र थांबत नव्हता. अकितेचं रक्त त्यांनी काचेवर घेतलं, वाळवलं, जांभळ्या रंगात बुडवलं. आधी आपल्याकडचीही एक पट्टी लावून पाहिली. एक रेघ.

मग डोळा लावला. आणि लगेच काढला. "काही दिसत नाही. पुढचं कोण?"

मी हलले नाही.

"बाई," मी म्हटलं, "पट्टीला दिसत न्हाई, तुमाला दिसत न्हाई. म्हंजी हा ताप हिच्या अंगात न्हाई, माज्याच पाठीत असंल. मला तरी गोळ्या द्या."

मागचे लोक हसले. आमुगेबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पहिल्यांदाच अकितेकडं पाहिलं. नीट. पापणी खाली ओढून पाहिली.

"सकाळपासून किती काचा बघितल्या माहितीये? डोळे आहेत हे, यंत्र नाही."

"म्हनून तर म्हनते. जरा पानी मारा डोळ्यास्नी. आमी थांबतो."

त्यांनी खरंच बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारलं. परत येऊन आरसा वळवला, काच थोडी थोडी सरकवत बसल्या. या वेळी हात सावकाश होता. रांगेतले लोक कुरकुरले. अपिली रडली, मी तिला पाजलं, ती झोपली. बाईंची मान वाकलेलीच.

"ये इकडं," त्या म्हणाल्या. "बघ."

मी डोळा लावला. आधी माझीच पापणी दिसली. मग उजेड, पांढरा, त्यात जांभळट धुकं. आणि धुक्यात बारीक बारीक कड्या, एकेकीला एक ठिपका. नाकातल्या चमकीची कडी असावी तशा. इतक्या नाजूक! एवढ्याशा त्या, आणि त्यांनी माझ्या मैत्रिणीला वारुळाशी पाडलं होतं.

"ह्याच?"

"ह्याच. मघाशी घाईत गेल्या नजरेतून. फार नाहीत, पण आहेत."

"मंग पट्टीला का दिसल्या न्हाईत? तुमच्याबी पट्टीला?"

आमुगेबाई गोळ्या मोजत होत्या. "पट्टी किडा बघतच नाही. किडा जाता जाता काहीतरी मागं टाकतो, पट्टी ते ओळखते. चोराच्या पाऊलखुणा बघितल्यासारखं. बहुतेक चोर खुणा ठेवून जातात, म्हणून पट्टी बहुतेक वेळा बरोबर सांगते, आणि खेड्यात दुर्बीण कोण नेऊन ठेवणार? पण अलीकडं एखादा किडा निघतो खुणा न ठेवणारा. मग पट्टी गप्प. किंवा पट्टीच उन्हात भाजलेली असते, मग काय बोलणार ती."

पत्र्याखालची फळी माझ्या डोळ्यांसमोर आली.

"आन् बाई, चोर मेल्यावर खुणा ऱ्हात्यात का?"

"राहतात की. महिना, कधी जास्तच. माणूस ठणठणीत बरा झाला तरी दोन रेघा येत राहतात. का?"

"काय न्हाई," मी म्हटलं. "आमच्या गावात एक मानूस खुना गळ्यात बांधून हिंडतोय."

गोळी तिळाच्या कुटाबरोबर, पोटात काहीतरी असताना, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आणि दारू वर्ज्य. मी त्यांना एक चिठ्ठी मागितली. त्या म्हणाल्या, चिठ्ठी कशाला, गोळ्यांचं पाकीट हीच चिठ्ठी. त्यांनी आमची सावड पाहिली नव्हती.

पाळीच्या दिवशी पहाटे अकिते उठून बसली होती. तापाचा जोर ओसरला होता, पण ती विरलेल्या फडक्यासारखी दिसत होती, उजेडाकडं धरलं तर पलीकडचं दिसावं. एबोंग तिच्या मांडीवर. मडकं तिनं आणि मी मिळून रानाच्या कडेला आणलं, वर केळीचं पान बांधलं. बुडबुड्यांचा आवाज बाहेर येत होता.

सावड आली. कुदळी आल्या. काकांची तिवई आली, मागून काका आले.

"थांबा," ते म्हणाले. "कुदळी खाली टाकू नका. हिच्या दोन चुका झाल्या. पाळी शेवटाला. आज माज्या रानात जायचं."

"काका, ती दवाखान्यात हुती," मी म्हटलं. "दुर्बिनीत किडे निगाले. म्या सोता बगितले."

"तू कदीपास्नं डागदरीन झालीस?"

"ह्या बगा गोळ्या."

"गोळ्या कुनालाबी देत्यात. मला तीनदा दिल्या. रेघा कुटं हायती?"

"रेघ येनारच न्हाई हिच्या किड्याची! तो खुना ठिवत न्हाई—"

"आयकलं का?" काका सगळ्यांकडं वळले. "हिच्या किड्याला शिस्त न्हाई आन् ती सावडीनं सोसायची. आज हिचा बिनखुनेचा, उद्या तुमचा बिनखुनेचा. मग नेम कशाला क्येला?"

लोक कुजबुजले. खरं सांगायचं तर बरेच जण काकांच्या बाजूचे होते. अकिते वाईट म्हणून नाही. नेम मोडला तर उद्या आपल्या दगडाच्या रानाला कोण येणार, ही भीती. ओक्विर पुढं आला आणि म्हणाला, "काका, पेटी पत्र्याखाली तापत हुती, माजीच चूक..." पण काकांनी हात वर केला.

"आन् मडकं?" आदोचनं विचारलं.

काकांनी मडक्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला. "मडकं तयार हाय. वाया का घालवायचं? लेकीनं कष्टानं क्येलंय. घ्या उचलून, माज्या रानाकडं चला. तितंच पिऊ."

  माझ्या जिभेवर जे आलं ते लेकरांसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

तेव्हा अकिते उठली. एबोंगला तिनं माझ्याकडं दिलं. हळूहळू चालत मडक्यापाशी गेली, केळीचं पान सोडलं, नळ्यांची जुडी उचलली. सगळ्यांत लांब नळी, काकांची, तिनं बाजूला काढली आणि आपल्या काखेत धरली. बाकीच्या खाली ठेवल्या.

"न्या," ती म्हणाली. आवाज असा बारीक की सगळ्यांना पुढं वाकावं लागलं. "मडकं न्या. पर काकास्नी नळी देऊ नगा."

"का म्हनं?" काका म्हणाले.

"काका, तुमी आजारी हाय ना." ती अगदी मनापासून बोलत होती. तिच्या डोळ्यांत खरंच काळजी दिसत होती, निदान मला तरी आजतागायत दुसरं काही दिसलेलं नाही. "दोन रेघा हायती तुमच्या. मला त्या बाईनं दोनदा सांगितलं, हिवतापात दारू इख हाय. मला एक रेघ, तरी मी शिवनार न्हाई. तुमाला तर दोन. माज्या मडक्यानं तुमाला काय झालं तर मी कुटं तोंड दावू?"

ओक्विरनं घसा साफ केला. "खरं हाय. हे मी पयल्या दिवशीच सांगितलं हुतं सगळ्यास्नी."

"थोडी घेतली तर..."

"थोडीबी न्हाई!" आदोच किंचाळली. तिला कित्येक दिवसांत एवढा आनंद झाला नसावा. "नेम म्हंजी नेम! दोन रेघा, तर सूट. कुदळीची सूट, मडक्याची सूट. समद्याच कामातनं सूट द्या त्यास्नी, किती दमत्यात बिचारे!"

"व्हय व्हय," ओळीतून आवाज आले. "काकास्नी जपाया पायजे."

"तिवई घरी न्या त्यांची. खाटंवर निजवा."

"पंदरा दिस तरी निजवा."

"कांजी पाजा."

काकांनी मडक्याकडं पाहिलं. वास सुटला होता. आंबट, गोड, भाजलेल्या नाचणीचा, आणि सकाळच्या वाऱ्यानं तो नेमका त्यांच्याकडंच वाहत होता. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्या घाटीखाली पट्टी, दोन रेघांची.

"आरं, मला काय धाड भरलीय?" ते ओरडले. "बगा की! कुटं ताप हाय? लावा हात! बैलासारखा हाय मी! ही पट्टी... ही पट्टी काय, खोटं बोलती!"

झालं.

 मग आदोच म्हणाली, हळूच, पोराला झोपवावं तशी, "काय बोललास बाबा? पुन्यांदा बोल. मला कमी ऐकाया येतंय."

 काकांना कळलं होतं आणि आम्हाला कळलं होतं आणि त्यांना कळलेलं आम्हाला कळलं होतं. बरा माणूस दोन रेघा गळ्यात घालून हिंडू शकतो, तर आजारी बाई एका रेघेवर वारुळाशी पडू शकते. एवढं साधं होतं. ते समजायला दुर्बीण लागली नाही, एक मडकं पुरलं.

मी एबोंगला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "मंग काका," मी विचारलं, "तुमी आजारी, का पट्टी आजारी?"

"पट्टी," ते मडक्याकडं बघत म्हणाले.

"मंग अकितेच्या किती चुका झाल्या?"

 वाऱ्यानं पुन्हा एकदा वास आणला. "...येक बी न्हाई."

"आन् तुमच्या? गवत पेटलं तवापास्नं?" आदोचनं विचारलं.  काकांनी ओक्विरच्या हातातून त्याची कुदळ घेतली, ओळीच्या सुरुवातीला जाऊन उभे राहिले आणि खणायला लागले. इतके दिवस सावलीत साठवलेली सगळी ताकद त्या कुदळीत होती. ढेकळं अशी फुटत होती की आम्हाला मागं राहायची लाज वाटावी. दुपारपर्यंत अकितेचा तुकडा कडेपासून दलदलीपर्यंत लाल होऊन पडला होता, नुसता, वाफाळत. अकितेला कुणी कुदळीला हात लावू दिला नाही. ती बांधावरच्या शियाच्या सावलीत, काकांच्या तिवईवर बसली होती आणि एबोंग तिच्या छातीशी होता. दूध फार नव्हतं. पण तो ओढत होता आणि मधेच थांबून गिळत होता. ते गिळणं मी ओळीतूनही ऐकलं, किंवा ऐकलं असं मला वाटलं.

मग आम्ही गोल बसलो. अकितेनं काखेतली लांब नळी काकांना दिली, दोन्ही हातांनी, मान झुकवून. काकांनी ती घेतली. पहिला घोट ओढला, डोळे मिटले, आणि उघडून म्हणाले, "पोरी, दारू झ्याक झालीय. आजारी बाईच्या हाताला असली चव येत न्हाई." या माणसाला सुधारायला अजून बरीच मडकी लागतील.

आता नवा नेम काय झाला ते ऐका. कुणी आजारी पडलं की आधी मानेला हात लावून बघायचं. पूर्वी बघायचो तसंच. मग ओक्विरची पट्टी. पेटी आता माझ्या घरात, मातीच्या भिंतीत, पाण्याच्या रांजणाशेजारी आहे. पट्टी आणि मान यांचं जमलं तर ठीक. नाही जमलं तर सायकल, आणि आमुगेबाईंची दुर्बीण. फक्त जाताना आम्ही सकाळी लवकर जातो, रांग लागायच्या आत, त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं तोवर.

अकितेची नाचणी वर आली. कणसं भरायला लागली तसे पाखरांचे थवे उतरायला लागले. तिनं काठ्यांचं बुजगावणं केलं, नवऱ्याचा फाटका सदरा घातला, डोक्यावर फुटकं मडकं पालथं घातलं. एका सकाळी पाहिलं तर त्याच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली पट्टी होती. दोन रेघांची. काकांनीच आणून बांधली म्हणतात. काका म्हणतात, आदोचनं चोरली.

आमच्या सावडीत आता तेवढ्या एकालाच कायमची सूट आहे. तो दिवसभर हात पसरून रानात उभा असतो, कुदळीला शिवत नाही, आणि दारूही मागत नाही.